शब्दाचं राहू दे, कंदील कोण बांधतंय?

मंडळी, दसरा झाला की आपल्या पेण-रोह्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज न चुकता फिरायला लागतो. "आकाशकंदील म्हणू नका, आकाशदीप म्हणा. कंदील हा आपला शब्द नाही. परंपरा जपा." खाली दोन पणत्या आणि जोडलेले हात. गंमत म्हणजे सोबत जो फोटो असतो, तो घडी घालून डब्यात बसणाऱ्या प्लास्टिकच्या कंदिलाचा!

मला कुणाशी भांडायचं नाही. परंपरा जपा म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण जपायचं म्हणजे नक्की काय जपायचं, हे एकदा नीट बघू या. म्हणून हा जरा लांबलचक लेख. चहा घेऊन बसा.

आधी शब्दाचं. कंदील शब्द अरबीतून आला हे खरं. अरबीत तो त्याहून जुन्या लॅटिन 'कांदेला'वरून गेला, आणि इंग्रजांची कँडलही तिथूनच निघाली. म्हणजे कंदील आणि कँडल ही चुलत भावंडं. पण मग हा न्याय सगळ्यांना लावायचा झाला तर दिवाळीत मुलांना किल्लाही बांधू देता येणार नाही, कारण किल्ला शब्दही अरबीतला. कागद फारसीतला, तसाच बाजारही. महाराजांच्या गडांना किल्ले म्हणताना आपली मान खाली जात नाही, मग कंदिलानेच काय पाप केलंय? आणि 'आकाशकंदील' हा शब्द बघा तरी. पुढचा अर्धा संस्कृत, मागचा अर्धा अरबी, आणि जोडून झालेला शब्द अस्सल मराठी. अरबाला तो कळणार नाही आणि काशीच्या शास्त्रीबुवांनाही चटकन कळणार नाही. आपल्याला मात्र ऐकताक्षणी कोजागरीनंतरची हवा आठवते.

आता परंपरेचं. आकाशदिवा जुना आहे, अगदी जुना. मूळचे पैठणच्या घराण्यातले कमलाकरभट्ट यांनी काशीत १६१२ साली 'निर्णयसिंधु' लिहिला. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९०च्या सुमारास 'धर्मसिंधु' लिहिला. आपल्याकडचे भटजी आजही अडलं की हे दोन ग्रंथ उघडतात. दोन्हींत कार्तिकातल्या दीपदानाबरोबर आकाशदीप येतो. घराजवळ खांब रोवायचा, त्यावर संध्याकाळी तिळाच्या तेलाचा दिवा उंच लावायचा आणि हे व्रत महिनाभर चालवायचं. दिवाळीच्या अमावास्येला पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून उजेड दाखवायचा, हीसुद्धा शास्त्रातलीच गोष्ट. काशीला गंगेच्या घाटांवर आजही कार्तिकात उंच बांबूंच्या टोकाला टोपलीतले दिवे चढतात. तिथल्या पंचगंगा घाटावर आपल्या अहिल्याबाई होळकरांचा दगडी हजारा दीपस्तंभ उभा आहे.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घ्या. तो दिवा घराबाहेरचा आहे. देव्हाऱ्यातली समई घरच्यांसाठी. आकाशदिवा मात्र अंगणात, उंचावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आणि गेलेल्यांसाठी. तो लावणाऱ्याचा राहत नाही, वाटेचा होतो. मला वाटतं, परंपरेतली जपण्यासारखी पहिली गोष्ट ही.

बाकी सगळं बदलत आलंय. व्रताचा दिवा म्हणजे तेलाचा दिवा, त्यात कागदाच्या कंदिलाचं नाव नाही. हाती बनवलेला कागद पूर्वी दौलताबाद, जुन्नरकडे व्हायचा आणि तो दप्तरासाठी जपून वापरायची वस्तू होती. चार दिवस टांगून फाडून टाकायला तो कोण देणार? गिरणीचा स्वस्त कागद आला, पतंगाचा रंगीत कागद वाण्याकडे मिळायला लागला, तेव्हा कुठे सामान्य माणसाच्या ओटीवर कागदाचा कंदील चढला. मग आला तो चकचकीत पारदर्शक कागद, ज्याला आपण सगळे 'जिलेटीन' म्हणतो. त्याचं खरं नाव सेलोफेन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रांडेनबर्गर नावाच्या एका स्विस रसायनतज्ज्ञाने तो लाकडाच्या लगद्यापासून काढला. आपल्या बाजारात तो आला आणि बारशात नाव बदललं, इतकंच. (हल्ली त्या नावाने जे मिळतं ते बहुतेक वेळा प्लास्टिकच असतं, हे जाता जाता सांगतो.)

आणि वीज. हा भाग आपल्या जिल्ह्याचा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता, रायगड नाव १९८१ साली मिळालं. या जिल्ह्यात खोपोलीला टाटांचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. कोलाडच्या वरच्या अंगाला भिऱ्याचं वीजघर १९२७ साली. भिऱ्यासाठी मुळशीला धरण झालं, मावळातली गावं पाण्याखाली गेली. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह तो त्यासाठीच. वीज तयार करून खाली सोडलेलं ते पाणी कुंडलिकेत येतं. रोहेकर मंडळी उन्हाळ्यात जी वाहती नदी बघतात, कोलाडला पर्यटक ज्या पाण्यावर राफ्टिंग करतात, ते हेच पाणी. म्हणजे पाणी आपल्याकडे उतरलं आणि वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना गेली. ज्या डोंगरांच्या पायथ्याशी वीज जन्माला येत होती, त्याच पायथ्याशी माणसं रॉकेलचा कंदील घेऊन शेतावर जात होती. ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील कितीतरी घरांत खुंटीला होता. माझ्या आजोळी, रोह्याला, आजीच्या तोंडी कंदील म्हणजे तो हातातला. दिवाळीतल्याला ती 'आकाशदिवा'च म्हणायची, आणि त्यात पणती ठेवताना कागदाला धग लागू नये म्हणून तळाला मातीची थापी घालायची. पुढे खेडोपाडी वीज पोचली, पणतीच्या जागी चाळीसचा बल्ब आला. दिवा विझायची भीती गेली, कागद करपायची आली.

एक फिरता कंदील असायचा, आठवतोय? आत कागदाचं नळकांडं, त्यावर हत्ती-घोडे-मावळे कापून चिकटवलेले, वर कागदाची चक्री. दिव्याच्या गरम हवेने चक्री फिरायची आणि मावळे बाहेरच्या कागदावर धावायचे. एलईडी आल्यावर ते मावळे थांबले. एलईडी तापतच नाही, तर हवा वर कशी चढणार? आता फिरवायला मोटर लागते. पण त्याच एलईडीमुळे कागदाचा कंदील जळायची धास्तीही गेली. बदल असाच येतो, एक हात घेतो, एक हात देतो.

तर हिशेब मांडा. कागद हा चीनचा शोध. शब्द लॅटिनमधून अरबीत आणि तिथून आपल्याकडे. सेलोफेन एका स्विस माणसाचं. बल्ब एडिसनचा. मग या कंदिलात आपलं काय?

आपली आहे ती बांधणी.

पारंपरिक कंदिलाचा सांगाडा कधी हातात घेऊन बघितलाय? सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे. चार चौकोन टोकावर उभे करून शेजारी-शेजारी टोकाला टोक बांधत गोल करायचे. एक चौकोन वर, एक खाली. झालं. त्रिकोण बांधावे लागत नाहीत, आठ त्रिकोण मधल्या जागांत आपोआप तयार होतात. भूमितीच्या मास्तरांनी फळ्यावर तासभर समजावला तरी जो आकार डोक्यात शिरत नाही, तो बुरडाचं पोर दहाव्या वर्षी डोळे झाकून बांधायचं. आणि त्यातली मेख अशी की नुसता सांगाडा लुळा असतो. हातात धरला तर डुगडुगतो, दाबला तर बसतो. त्यावर खळीने कागद ताणून चिकटवला आणि वाळला की तो ताठ होतो. काठीला कागद धरून ठेवतो! खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं-उंदीर फिरकत नाहीत. मग कडेने करंज्या, खाली झिरमिळ्या. आळीतली पोरं बुरडाकडून फक्त सांगाडा आणायची आणि कागद ज्याचा त्याने घरी लावायचा. त्यामुळे गल्लीतले सगळे कंदील एकाच हाताने बांधलेले, पण दोन कंदील सारखे नसायचे.

चांदणीचा कंदीलही असाच कामट्यांचा, आणि तो तर दोन सणांचा. रोह्याची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथे कोर्लई आहे. तिथले ख्रिस्ती गावकरी आजही घरात पोर्तुगीज मिसळलेली आपली वेगळी बोली बोलतात. एकाच नदीच्या काठाने दिवाळीला वर चांदणी चढते आणि डिसेंबरात खाली नाताळची चढते. कामटी दोन्हीकडे बांबूचीच. कामटीने कधी विचारलं नाही की सण कुणाचा.

आता आजचं बघू.

आज पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारपेठेत दिवाळीच्या आठवड्यात चक्कर मारा. दुकानांच्या पुढे प्लास्टिकचे आणि कापडासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम धाग्याचे कंदील माळेसारखे लटकलेले असतात. त्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. आपल्याकडे परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो आणि एका सरीत कागदी कंदिलाचा लगदा होतो. प्लास्टिक पुसून पुढच्या वर्षी वापरता येतं. ज्या घरात दोघंही कामाला जातात तिथे खळ शिजवायला कुणाला वेळ आहे? हे सगळं खरं आहे, आणि विकत घेणाऱ्याला नावं ठेवून काही होणार नाही.

पण त्याच बाजारात, दुकानांच्या ओळीत नाही, तर पुढे गटाराच्या कडेला, गेल्या वर्षी एक बाई बसल्या होत्या. पेणजवळच्या एका वाडीवरच्या. समोर गोणपाटावर सुपं, टोपल्या आणि बांबूच्या विणीचे सात-आठ कंदील. मी बोलत उभा होतो तेवढ्यात त्यांना दोनदा सरकायला सांगितलं गेलं. एकदा दुकानापुढे गिऱ्हाइकाला अडचण होते म्हणून, एकदा गाडी लावायची म्हणून. मी विचारलं, कंदील कधीपासून करता? म्हणाल्या, "दादा, सूप बारमाही खपतं म्हणून सूपच करायचो. आता सूपपण प्लास्टिकचं झालं. म्हटलं कंदील तरी बघू."

सूप प्लास्टिकचं झालं, म्हणून कंदील. उद्या कंदील पूर्ण प्लास्टिकचा झाला, की मग काय? मग वीटभट्टी. आपल्या तालुक्यांतली किती आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर घराला कडी लावून भट्टीवर जातात, हे आपण सगळे बघतो. परंपरेच्या मेसेजमध्ये हे कुठेच येत नाही.

आणि आपल्या चौकांतले मोठे कंदील बघा. निवडणूक जवळ आली की ते आणखी मोठे होतात. फ्लेक्सचा कंदील, चारही बाजूंना भाऊ, दादा, ताई, साहेब, आणि खाली "दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा". अंधारात दिव्यापेक्षा दातच जास्त दिसतात. माझा कुठल्याच पक्षावर रोख नाही, सगळ्यांचे आहेत. पण आठवा, आकाशदिवा लावणाऱ्याचा राहत नाही असं मी वर लिहिलं. वाटसरूसाठी लावलेल्या दिव्यावर लावणाऱ्याचा चेहरा, हा आपण नवा शास्त्रार्थ काढलाय.

आता कुणी म्हणेल, नुसतं गाऱ्हाणं मांडू नका, होण्यासारखं काय ते सांगा. सांगतो. आणि हे पेणमध्ये सांगतोय हे महत्त्वाचं.

कारण पेण म्हणजे हाताच्या कामावर उभं राहिलेलं गाव. पेण, हमरापूर, जोहे इथले गणपती परदेशात जातात, ते काही इथल्या मातीत सोनं आहे म्हणून नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले हात, घराघरातला कारखाना आणि माल वेळेवर पोचवायची शिस्त, यातून ते नाव झालं. गौरी-गणपती झाले की त्या कारखान्यांतला वेग ओसरतो. त्यात पीओपीवरून गेली काही वर्षं टांगती तलवार आहेच. रंग जाणणारी, कागद जाणणारी, ऑर्डर सांभाळणारी माणसं इथे तयार बसलेली आहेत. वर रोहा आणि सुधागडच्या बाजूला बांबू आहे. पूर्वी आपल्याच बांधावरचा बांबू तोडून न्यायचा तरी वनखात्याचा परवाना आडवा यायचा, कारण १९२७च्या कायद्याने बांबू 'झाड' होतं. २०१७च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू त्यातून सुटला. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८पासून बंदी आहे. म्हणजे कायदा बाजूने, बांबू शेजारी, हात तयार. नाही ती फक्त बसायला जागा आणि वेळेवर मागणी.

म्हणून चार गोष्टी.

एक. पेण नगरपरिषद आणि रोहा अष्टमी नगरपरिषद, दोघांनाही विनंती. वसुबारस ते भाऊबीज एवढे दिवस बाजारात एक पट्टा फक्त हाताने केलेल्या कंदिलांसाठी राखून ठेवा. वर ताडपत्री, एक दिवा, आणि पावती फाडू नका. यात मोठा खर्च नाही, पण त्या बाईंना कुणी 'सरका' म्हणणार नाही. ठरावासाठी लागेल तो अर्ज लिहायला मी तयार आहे, सह्या तुम्ही द्या.

दोन. चौकात कंदील लावणाऱ्या सर्व भाऊ-दादांना विनंती. फ्लेक्सचे पैसे तेच ठेवा, फक्त काम इथल्या बुरडाला, वाडीवरच्या बायकांना, बचत गटाला द्या. बांबूचा आठ फुटी कंदील चौकात लावून बघा. खाली लहानशी पाटी लावा, "बांधणी अमक्या वाडीची". लोक तुम्हाला विसरणार नाहीत, उलट जास्त लक्षात ठेवतील.

तीन. शाळांना. सहामाही परीक्षा संपते आणि सुट्टी लागते, त्यामधल्या एका दिवशी कंदील बनवायचं शिकवा. पण कार्डबोर्डची तयार पाकिटं आणू नका. बुरडाला शाळेत बोलवा, 'कार्यानुभवाचे पाहुणे' म्हणून खुर्ची द्या, मानधन द्या. सहा चौकोनांतून आठ त्रिकोण कसे येतात ते मुलांना त्यांच्या हातून बघू दे. ज्याला आपण अशिक्षित म्हणतो त्याच्या बोटांत किती भूमिती आहे, हे मुलांना कळलं तर त्या वर्षाचं शिक्षण वसूल.

चार. तुम्हा-आम्हाला. मागणी लवकर द्या. बांबू तोडायचा, चिरायचा, वाळवायचा, विणायचा, याला दिवस लागतात. धनत्रयोदशीला संध्याकाळी जाऊन "काही आहे का?" विचारलं तर नसणारच. रोहेकरांना तर तिथी लक्षात ठेवायला सोपी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची मानवंदना होते, अख्खं गाव रस्त्यावर असतं. त्या आठवड्यातच कंदिलाची ऑर्डर देऊन टाका. कोजागरीपर्यंत दिली तरी चालेल. पूर्ण कंदील परवडत नसेल तर नुसता सांगाडा घ्या आणि कागद घरी लावा. पावसाचं म्हणाल तर अंगणात न लावता ओटीच्या आढ्याला लावा, पूर्वी तसाच लावायचे. आणि घासाघीस करू नका हो. दुकानातल्या छापील किमतीला आपण हूं की चूं करत नाही, मग गोणपाटावर बसलेल्या बाईलाच "पन्नास कमी करा" का?

घरात प्लास्टिकचा कंदील असेल तर तो फेकूनही देऊ नका. घेतलाच आहे तर दहा वर्षं वापरा, तेवढाच कमी कचरा. फक्त पुढचा घेताना आठवण ठेवा.

राहिला शब्दाचा प्रश्न. आकाशदीप म्हणा, आकाशदिवा म्हणा, कंदील म्हणा, काहीही म्हणा. शब्द टिकायला मराठी माणसं पुरेशी आहेत. पण चोवीस कामट्या बांधणारे हात आपल्या दोन्ही तालुक्यांत आता शोधून काढावे लागतात, आणि त्यांच्या घरातली पुढची पोरं ते शिकत नाहीयेत, कारण शिकून पोट भरत नाही. हे यंदा-पुढच्या वर्षात थांबवलं तर थांबेल. नंतर आपण नाव कितीही शुद्ध ठेवलं तरी त्या नावाची वस्तू डब्यात घडी होऊनच येईल.

तुमच्या आळीत, वाडीत कंदील बांधणारं कुणी असेल तर आधी त्यांना विचारा आणि त्यांची हरकत नसेल तर मला कळवा. कोण कुठे बसतं आणि काय करतं याची यादी करून दसऱ्याच्या आत सगळ्यांना पाठवतो. परंपरेच्या मेसेजसारखी तीही जरा फिरवा.